जवारी बियाणं हातचं जातं कुठे? परड्यातल्या या चुका टाळा

बेळगावच्या बाजारात मराठीत घासाघीस करा नाहीतर कन्नडात, 'जवारी' म्हणजे गावरान, हा शब्द दोन्हीकडे चालतो. जवारी काकडी, जवारी कोथिंबीर, जवारी वांगी म्हटलं की विकणारी मावशी दोन रुपये वाढवून सांगते आणि आपणही कुरकुर न करता देतो. घरच्या परड्यात मात्र हेच जवारी बियाणं दोन-तीन वर्षांत हातचं जातं. माझंही गेलंय, एकदा नाही, तीनदा. दरवेळी मी दोष किडीला दिला, पावसाला दिला. नंतर नीट आठवून पाहिलं तर बहुतेक वेळा दोष माझ्या जिभेचाच होता.

चांगलं चांगलं खाल्लं, उरलंसुरलं बियाला ठेवलं. सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. भेंडीच्या पहिल्या कोवळ्या शेंगा भाजीत जातात. हंगाम सरत आला, झाड दमलं, पानं पिवळी पडली की मग आठवण येते, "अगोबाई, बी धरायचं राहिलं." तेव्हा शेंड्याला लोंबणाऱ्या दोन वाकड्या शेंगा आपण बियाला सोडतो. दरवर्षी हेच केलं की आपण आपल्या हाताने उशिरा येणारं, रोगट झाडच निवडत जातो, आणि पाच वर्षांनी म्हणतो की जवारीत आता पूर्वीसारखा दम राहिला नाही.

झाड आधी निवडायचं. लवकर फुलावर आलेलं, किडीत तगलेलं, चवीला पटलेलं. त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या फळाला साडीची चिंधी बांधायची आणि घरात सगळ्यांना बजावून सांगायचं. हे बजावणं मी एका वर्षी विसरले. ऋषिपंचमीच्या भाजीला बैलाच्या कष्टाचं काही चालत नाही, म्हणून सासूबाई पहाटेच परड्यात गेल्या आणि चिंधी बांधलेली काकडी सोडवून घेऊन आल्या. भाजी सुरेख झाली होती, हे कबूल करायला हवं. आता मी चिंधी फळाला आणि देठाजवळच्या वेलीला अशी दोन्हीकडे बांधते.

शिवाय खाण्याजोगं फळ आणि बियाजोगं फळ एक नव्हे. काकडी वेलीवरच पिवळी-तांबूस होऊ द्यावी लागते, वांगं पिवळं पडून मऊ व्हावं लागतं, दोडका वाळून खुळखुळ्यासारखा वाजला पाहिजे, भेंडीची शेंग तडकायला आली पाहिजे. वेलीवर एक फळ जून होत राहिलं की पुढची फळं कमी लागतात, तेव्हा एक-दोन वेल बियासाठीच सोडलेले बरे. टोमॅटोच्या बिया गरासकट वाटीत दोन-तीन दिवस आंबवायच्या, वरचा बुळबुळीत थर सुटला की धुऊन वाळवायच्या. वास सुटतो, वाटी स्वयंपाकघरात ठेवू नका.

पाकिटावरच्या 'देशी' शब्दावर विसंबणं ही दुसरी चूक. एका दुकानातून मी 'देशी टोमॅटो' म्हणून पाकीट आणलं, फळं छान आली, बी धरलं, आणि पुढच्या वर्षी कुठे लांबट, कुठे गोल, कुठे बोराएवढी अशी जत्रा उगवली. पाकीट शोधून काढलं तर मागच्या बाजूला बारीक अक्षरात 'एफ-१', म्हणजे संकरित, असं लिहिलेलं. संकरित वाणाचं बी धरलं की पुढच्या पिढीत गुण विस्कटतात, त्यात बियाचा काही दोष नाही. पण सुधारित वाण म्हणजे संकरित वाण, असाही समज नको. बेंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेची 'अर्का अनामिका' भेंडी सुधारित आहे आणि तिचं बी घरी धरता येतं. गुलाबी-लाल रंग चढवलेल्या बियांना औषध चोळलेलं असतं, त्या हाताळल्यावर हात धुवा आणि पोरांच्या हाती देऊ नका.

आता शेजाराची गोष्ट. "भोपळ्याशेजारी लावली म्हणून काकडी बेचव झाली," असं आमच्या गल्लीत हमखास ऐकायला मिळतं. तसं होत नाही. काकडी आणि भोपळा यांचा संकर होत नाही. एकाच जातीतल्या दोन वाणांचा होतो, आणि त्याचा परिणाम या वर्षीच्या फळात दिसत नाही, त्याच्या बियांतून पुढच्या वर्षी उगवतो. मिरचीत हा घोळ फार. आपल्या हुक्केरी तालुक्यातल्या संकेश्वरचं नाव लावणारी संकेश्वरी मिरची, तिच्याशेजारी हौसेने लावलेली ब्याडगी आणि कुंपणाला एक लवंगी, असा थाट मी केला होता. मधमाश्यांची चैन झाली. पुढच्या वर्षी जी मिरची आली तिला ना ब्याडगीचा रंग होता, ना संकेश्वरीची लांबी. तिखट मात्र भरपूर होती.

घरच्या परड्यात दोन वाणांमध्ये लांब अंतर ठेवणं जमायचं नाही. मिरची-वांग्याची एक फांदी कळी उमलण्याआधीच मच्छरदाणीच्या कापडाच्या पिशवीत बांधा, रोज सकाळी हलकी हलवा, फळ धरलं की पिशवी काढून खूण बांधा. घेवडा, चवळी, टोमॅटो हे बहुतांशी आपलं आपणच फलन उरकतात, त्यांची एवढी उस्तवार नको. वेलवर्गात मात्र हाताने करावं लागतं आणि तिथे वेळ चुकते. भोपळा आणि काकडी सकाळी उमलतात, दोडका आणि दुधी संध्याकाळी. भोपळ्याची नर आणि मादी कळी आदल्या संध्याकाळी दोऱ्याने बांधून ठेवायची आणि सकाळी नर फूल मादीवर टेकवायचं. दोडक्याच्या कळ्या दुपारी बांधायच्या आणि दिवेलागणीला काम करायचं. मादी फूल पुन्हा बांधायला विसरायचं नाही. मागे इवलंसं फळ असतं ते मादी फूल. सुरुवातीची फुलं बहुतेक नरच असतात, तेव्हा "वेल वांझ निघाला" म्हणून उपटू नका. झडीच्या पावसात मधमाश्या फिरकत नाहीत, म्हणून बोटाएवढी फळं पिवळी पडून गळतात. त्यालाही हाच उपाय.

दुधी किंवा काकडी कडू लागली तर तो घास थुंकून टाका आणि ते फळ फेकून द्या. मीठ चोळून, शिजवून 'बघू या' हा प्रयोग नको. दुधीचा कडूपणा विषारी असतो, पोट सडकून बिघडतं. त्या वेलीचं बीही धरू नका.

पावटा जूनमध्ये लावला, वेल मांडवभर झाला आणि ऑगस्ट संपला तरी फूल नाही, म्हणून खताचा मारा करणारे पुष्कळ भेटतात. जुना जवारी पावटा दिवस लहान व्हायला लागल्याशिवाय फुलतच नाही, खत घातलं तर पानंच वाढतात. शेवंतीचंही तसंच. तिला लांब, अखंड रात्र लागते. आमची शेवंती दोन वर्षं रुसली होती. माती बदलली, शेंडे खुडले, शेणखत घातलं. शेवटी खानापूरकडची मावशी दिवाळीला आली, रात्री अंगणात उभी राहिली आणि म्हणाली, "अगं, ह्या दिव्याखाली तिला झोप कशी लागंल?" फाटकावरचा दिवा रात्रभर बरोबर कुंडीवर पडत होता. कुंडी मागच्या परड्यात नेली. पुढच्या वर्षी कळ्यांनी झाड वाकलं.

पाण्याचं आणि मातीचं थोडक्यात. मिरची, वांगी, झेंडूचा तरू (लावणीची रोपं) सपाट वाफ्यात टाकला की बेळगाव-खानापूरच्या जुलैच्या पावसात तो बुडाशी कुजून कोलमडतो. वीतभर उंच गादी करा आणि बी विरळ पेरा. आपल्या तांबड्या मातीतून पाणी आणि खत दोन्ही झिरपून जातं, म्हणून शेणखत थोडं थोडं, दोन-तीनदा घालायचं. अथणीकडच्या काळ्या मातीत उलटं, तिथे पाणी साचू न देणं हेच मोठं काम. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडू लागल्या की ते झाड उपटून टाका. पांढरी माशी तो रोग शेजारच्या झाडावर नेते.

एवढं सगळं करून शेवटी बी डब्यात सडतं. भर उन्हात स्टीलच्या ताटात वाळवलेलं बी भाजून निघतं, आणि घाईने बंद केलेलं ओलसर बी श्रावणात बुरशी धरतं. सुपात किंवा कापडावर, सकाळच्या उन्हात आणि पुढे सावलीत वाळवा. चवळी दाताखाली कटकन फुटली तर वाळली, दबली तर अजून ओली आहे. मग चाळलेली कोरडी राख मिसळून घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा. कांद्याचं बी वर्षभरापुढे भरवशाचं नाही. मृग ७-८ जूनला लागतो, त्याआधी पंधरा दिवस २० बिया ओल्या फडक्यात गुंडाळून बघा. दहाही उगवल्या नाहीत तर दाट पेरा, किंवा कुणाकडे तरी मागायला अजून वेळ आहे.

मागायची वेळ येऊ नये म्हणून आम्ही जावा-जावा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लॅस्टिकच्या डब्यांऐवजी बियांच्या पुड्या देतो. वाणाचं वाण! माझं हरवलेलं काटेरी वांगं अशाच एका पुडीतून परत आलं. फक्त पुडीवर नाव, वर्ष आणि बी कुणाकडून आलं ते लिहा. माझ्याकडे एक पुडी आहे, तिच्यावर माझ्याच अक्षरात 'मावशीचा दोडका, चांगला' एवढंच लिहिलंय. मला चार मावश्या आहेत.