ओव्हनमधले चिकन नाचोज, तळातल्या चिपपर्यंत कुरकुरीत

आठवड्याच्या मधल्या वारी ऑफिसवरून घरी यायला आठ वाजतात, पोळी-भाजीचा कंटाळा आलेला असतो आणि बाहेरून मागवायचंही मन नसतं, अशा दिवशी चिकन नाचोज खरंच खूप कामाला येतात. अर्ध्या-पाऊण तासात ट्रे टेबलावर येतो, त्यात चिकन आहे, राजमा आहे, चीज आहे, वरून टोमॅटो-कांदा-कोथिंबीर, म्हणजे पोट भरणारं पूर्ण जेवण होतं, नुसतं चटरपटर खाणं नाही. पण घरी केलेले नाचोज बऱ्याचदा फसतात ते एकाच कारणाने, वरचे चार चिप्स मस्त लागतात आणि खाली बघितलं तर नुसता लगदा. त्याला ओव्हन जबाबदार नसतो, पाणी जबाबदार असतं. चिकनचं सुटलेलं पाणी, राजम्याचं पाणी, टोमॅटोचं पाणी. हे पाणी चिपपर्यंत पोचू द्यायचं नाही एवढं एक सूत्र धरलंत की बाकी सगळं सोपं आहे, आणि खाली जे काही सांगतेय ते सगळं याच एका गोष्टीभोवती आहे.

मुळात हा पदार्थच घाईतून जन्मलेला. मेक्सिकोत अमेरिकेच्या सीमेला लागून पिएद्रास नेग्रास नावाचं गाव आहे, तिथल्या व्हिक्टरी क्लब नावाच्या हॉटेलात १९४० च्या दशकात पलीकडच्या टेक्सासमधून काही बायका खायला आल्या आणि इग्नासियो अनाया नावाच्या माणसाने हाताशी होतं त्यातून हे करून दिलं, तळलेल्या टॉर्टियाचे, म्हणजे मक्याच्या पातळ पोळीचे तुकडे, त्यावर चीज, त्यावर हॅलपिनो या तिकडच्या जाड मिरचीची चकती, गरम केलं आणि दिलं. इग्नासियोला तिकडे लाडाने नाचो म्हणतात, तेच नाव पडलं. यातलं लक्षात ठेवण्यासारखं हे की प्रत्येक तुकड्यावर त्याचं त्याचं चीज होतं, ढीग नव्हता. ढीग करायची सवय नंतरची, आणि घरच्या ओव्हनमध्ये ती सवय सोडलेलीच बरी.

काय काय लागेल

चार जणांसाठी साधारण २०० ग्रॅम नाचो चिप्स, साधे मीठवाले घ्या, मसाला किंवा चीज फ्लेवरचे घेतले तर शेवटी सगळं मिळून खारट होतं. जाडसर चिप्स बघून घ्या, पातळ असतील तर चिकनच्या वजनाने मोडतात. ४०० ग्रॅम बोनलेस चिकन, शक्यतो लेगचं, ब्रेस्ट पण चालतं पण ते पटकन कोरडं पडतं. २०० ग्रॅम चीज. पाऊण वाटी शिजवलेला राजमा. एक मोठा कांदा, अर्धी ढोबळी मिरची, सहा-सात लसूण पाकळ्या, दोन मोठे चमचे टोमॅटो प्युरी. मसाल्यात दीड चमचा लाल तिखट (काश्मिरी असेल तर रंग छान येतो), एक चमचा जिरेपूड, एक चमचा धनेपूड, अर्धा चमचा ओरेगॅनो, मीठ. पिझ्झाबरोबर आलेली ओरेगॅनोची पाकिटं सगळ्यांच्या फ्रिजच्या दारात असतातच, ती इथे वापरून टाका. वरून घालायला टोमॅटो, कांदा, कोथिंबीर, लिंबू, बाटलीतले हॅलपिनो आणि थोडा चक्का.

बघा ना, यातलं जवळपास सगळं आपल्या घरात असतंच. मका, मिरची, टोमॅटो हे सगळं मूळचं त्याच अमेरिका खंडाकडचं, त्यामुळे ही चव आपल्या जिभेला परकी वाटत नाही, आणि वेगळा टॅको मसाला विकत आणायची मला तरी गरज वाटत नाही.

चीजबद्दल थोडं जास्त बोलते कारण तिथेच चव बनते. नुसतं मोझरेला घातलं तर तार छान येते पण चव फिकी, नुसतं जुनं चेडर घातलं तर चव आहे पण गरम झालं की तेल सुटतं. म्हणून १२० ग्रॅम मोझरेला आणि ८० ग्रॅम चेडर किंवा आपलं नेहमीचं प्रोसेस्ड चीज क्यूब. प्रोसेस्ड चीजला नाकं मुरडू नका, त्यात तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणारे (इमल्सिफाय करणारे) क्षार असतात त्यामुळे ते फाटत नाही, गुळगुळीत वितळतं, नाचोजला ते अगदी योग्य आहे. आणि चीज घरीच किसा, पाकिटातलं किसलेलं चीज चिकटू नये म्हणून त्याला स्टार्च वगैरे लावलेलं असतं, त्याने ते नीट एकजीव वितळत नाही.

आधी चिकन

चिकन धुतलं असेल तर टिश्यूने किंवा स्वच्छ कपड्याने नीट टिपून घ्या, फ्रोझन असेल तर पूर्ण सुटल्यावर टिपा, ही पायरी कंटाळवाणी वाटते पण टाळू नका. अगदी बारीक तुकडे करा, बोटाच्या पेरापेक्षा लहान, म्हणजे एका चिपवर दोन-तीन तुकडे मावले पाहिजेत. त्याला ठेचलेला लसूण, सगळे कोरडे मसाले, मीठ आणि चमचाभर तेल चोळून बाकीची तयारी होईपर्यंत ठेवा. दही लावू नका. एरवी चिकनला दही लावायचा आपला हात सवयीनेच जातो पण इथे ते पाणी सोडतं.

पॅन पसरट घ्या, खोल कढई नको, कढईत चिकन एकावर एक बसतं आणि स्वतःच्याच वाफेत उकडतं. मोठ्या आचेवर तेल तापलं की चिकन एका थरात पसरा आणि दोन मिनिटं हात लावू नका, खालून रंग आला की मगच परता. साधारण सहा-सात मिनिटांत तुकडे शिजतात, सगळ्यात मोठा तुकडा कापून बघा, आत गुलाबी राहता कामा नये, थर्मामीटर असेल तर ७४ अंश. मग चिकन कडेला सरकवून मधे बारीक कांदा आणि ढोबळी मिरची परतायची, कांदा गुलाबी झाला की टोमॅटो प्युरी, ती तेल सुटेपर्यंत परतायची आणि मग राजमा घालून सगळं एकत्र. राजमा आधी चाळणीत निथळून ठेवलेला हवा, डब्यातला असेल तर धुऊन निथळा, त्यातलं चिकट पाणी अजिबात नको. शेवटी उलथन्याने पॅनमधे मधोमध एक रेघ ओढा, रेघेत पाणी जमत नसेल तर झालं, जमत असेल तर अजून दोन मिनिटं परता. गॅस बंद करून अर्धं लिंबू पिळा.

आदल्या दिवशीचं तंदुरी चिकन उरलं असेल तर हे सगळं सोडूनच द्या, हाडं काढून तंतू सोडवा आणि कांद्याबरोबर नुसतं परतून घ्या, फार भारी लागतं. उरलेलं सुकं चिकन पण वापरता येतं, फक्त त्यात खोबऱ्याचं वाटण असेल तर चीजशी त्याचं काही जमत नाही असं माझं मत. अमेरिकेत राहणाऱ्यांना तर दुकानात तयार भाजलेलं आख्खं चिकन मिळतं, ते सोलून घ्या आणि राजम्याऐवजी ब्लॅक बीन्स, चीज मॉन्टेरे जॅक.

चिकन परततानाच ओव्हन लावा

ओटीजी असेल तर वरचा-खालचा दोन्ही रॉड चालू करून २०० अंशावर दहा मिनिटं प्रीहीट. मायक्रोवेव्ह असेल तर कन्व्हेक्शन मोडच पाहिजे, साध्या मायक्रोवेव्ह मोडवर चीज वितळेल पण चिप्स मऊ पडतात.

ट्रेला बटर पेपर लावा, कडा बाहेर लोंबू देऊ नका, रॉडला लागल्या तर जळतात. आता चिप्स पसरा, एक थर, फार तर थोडे एकमेकांवर चढलेले. त्यावर सगळ्यात आधी चीज, चिकन नाही. साधारण निम्मं चीज पसरून ट्रे तीन मिनिटं आत ठेवा, चीज वितळून चिपवर बसलं की चिप आणि चिकनच्या मधे एक आवरण तयार होतं, आणि उरलासुरला ओलावा चिपमधे लवकर शिरत नाही. मग ट्रे बाहेर काढून चिकन-राजमा चमच्याने थोडा थोडा सगळीकडे टाका, मधे ढीग आणि कडा रिकाम्या असं नको, वर उरलेलं चीज, हॅलपिनोच्या चकत्या, आणि परत चार-पाच मिनिटं. चीजला बुडबुडे यायला लागले आणि चिपच्या टोकांना किंचित सोनेरी रंग आला की लगेच काढा. या चार मिनिटांत ओव्हनसमोरून हलू नका, मक्याचे चिप्स बघता बघता करपतात आणि करपले की कडू लागतात.

आपल्याकडच्या नेहमीच्या ओटीजीच्या ट्रेमधे २०० ग्रॅम चिप्स एका थरात मावत नाहीत, तेव्हा दोन ट्रे एकामागून एक करा, पहिला संपेपर्यंत दुसरा गरम गरम येतो, ते जास्तच चांगलं. घरात कोणाचा वार असेल किंवा कोणी चिकन खात नसेल तर त्यांचा ट्रे पहिला लावा, राजमा, मक्याचे दाणे आणि पनीर वेगळ्या पॅनमधे याच मसाल्यात परतून. लहान मुलांसाठी एका कोपऱ्यात हॅलपिनो घालू नका, बस.

गार गोष्टी ओव्हननंतर

टोमॅटोच्या बिया आणि आतलं पाणी काढून टाका, नुसता गर बारीक चिरा, त्यात कांदा, भरपूर कोथिंबीर, लिंबू, मीठ. मिठाने पाणी सुटतंच म्हणून हे आधी करून ठेवलं असेल तर गाळणीत ठेवा. चक्क्यात थोडं दूध, मीठ, दोन थेंब लिंबू घालून फेटलं की सावर क्रीमची गरज पडत नाही, नुसतं दही पातळ पडतं म्हणून चक्काच. हॅलपिनो नसतील तर कमी तिखट जाड हिरव्या मिरच्यांच्या चकत्या व्हिनेगर, मीठ, चिमूटभर साखरेत वीस मिनिटं ठेवल्या की मस्त काम होतं. अॅव्होकाडो चांगला पिकलेला आणि परवडणारा मिळाला तर कुस्करून लिंबू-मीठ घालून द्या, नाही मिळाला तर अडत नाही.

हे सगळं ट्रे बाहेर आल्यावर, जेवायला बसल्यावर घालायचं. टोमॅटो थोडा वर आणि बाकीचा वाटीत, चक्का वाटीतच, ज्याने त्याने घ्यावा.

चिप्सचं पाकीट मिळालं नाही तर शिळ्या पोळीचे त्रिकोण कापून हलकं तेल लावून १८० अंशावर आठ-दहा मिनिटं भाजा, मधे एकदा उलटा, गार झाल्यावर कडक होतात. मक्याची चव नाही येत पण चिकन पेलतात. मक्याच्या पिठाचे घरी लाटायला जाऊ नका, टॉर्टियाचं पीठ चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याचं असतं म्हणून ते धरून राहतं, आपलं साधं मक्याचं पीठ लाटताना तुटतं, निम्मी कणीक घातलीत तरच जमेल आणि मधल्या वारी एवढा वेळ कोणाला आहे.

चिकनचं मिश्रण आदल्या रात्री करून फ्रिजमधे ठेवलंत तर दुसऱ्या दिवशी वीस मिनिटांचं काम उरतं, फक्त पॅनमधे परत गरम करून घ्या, गार मिश्रण चिप्सवर घालू नका. तयार नाचोज मात्र उरवू नका, ते टिकत नाहीत, पाहिजे तेवढाच ट्रे लावा. मिश्रण उरलं तर दुसऱ्या दिवशी डब्यात पोळीत गुंडाळून द्या, नाहीतर चीज घालून टोस्टरमधे सँडविच.