कॉस्टकोचे कार्ड काढावे की नाही : हिशेब कसा मांडावा

अमेरिकेत नव्याने आलेल्या मराठी कुटुंबाला पहिल्या महिन्यात जे सल्ले मिळतात, त्यांत ‘आधी कॉस्टकोचे कार्ड काढा’ हा सल्ला हमखास असतो. डीमार्टमध्ये पिशवी घेऊन थेट आत शिरण्याची सवय असलेल्या माणसाला, कॉस्टकोसारख्या सदस्यांपुरत्या घाऊक दुकानात पाऊल टाकण्यासाठी वर्षाला 65 डॉलर भरायचे ही कल्पना प्रथम विचित्र वाटते. पुढे काही महिन्यांनी तोच माणूस पुढच्या नवख्याला तोच सल्ला देऊ लागतो. पहिल्या वेळी नाके मुरडताना त्याने हिशेब केलेला नसतो आणि दुसऱ्या वेळी शिफारस करतानाही केलेला नसतो. हा हिशेब फारसा अवघड नाही. त्यासाठी दोन महिन्यांच्या पावत्या, एक वही आणि स्वतःच्या कचऱ्याच्या डब्याकडे प्रामाणिकपणे पाहण्याची तयारी एवढेच लागते.

आधी या व्यवहाराची रीत समजून घेणे इष्ट आहे. अशा सदस्यत्वाच्या घाऊक दुकानाची सुरुवात 1976 साली सॅन डिएगो येथे सॉल प्राइस यांच्या ‘प्राइस क्लब’ने झाली. 1983 साली सिअॅटल येथे पहिले कॉस्टको आणि त्याच वर्षी वॉलमार्टचे पहिले सॅम्स क्लब उघडले. प्राइस क्लब आणि कॉस्टको 1993 साली एकत्र आले. कॉस्टको खरेदीच्या किमतीवर साधारणपणे 14 ते 15 टक्क्यांहून अधिक भर घालत नाही आणि एका वेळी सुमारे 4,000 प्रकारचाच माल ठेवते, तर मोठ्या सुपरमार्केटमध्ये हा आकडा तीस हजारांच्या पुढे जातो. 2024 च्या आर्थिक वर्षात कॉस्टकोला केवळ सदस्यत्व शुल्कातून सुमारे 4.8 अब्ज डॉलर मिळाले आणि त्या वर्षीचा निव्वळ नफा होता सुमारे 7.4 अब्ज. म्हणजे दुकानाचा नफा मालावरच्या भरीपेक्षा आपल्या शुल्कावर अधिक अवलंबून आहे. यातून ग्राहकाने एक गोष्ट लक्षात घ्यावी, ती ही की, ज्या वस्तूवर इतर दुकाने भरमसाट नफा लावतात, त्या वस्तूवर येथे खरी बचत होते. आणि दूध, अंडी, केळी यांसारख्या ज्या वस्तू इतर दुकाने गिऱ्हाईक ओढण्यासाठी मुळातच जवळपास खरेदीच्या भावात विकतात, त्यांवर बचत नाममात्र असते. कार्डाचे समर्थन करताना लोक नेमकी दुधाचीच उदाहरणे देतात, हा गमतीचा भाग आहे.

शुल्काचे आकडे असे आहेत. कॉस्टकोने 1 सप्टेंबर 2024 पासून साध्या सदस्यत्वाचे शुल्क 60 वरून 65 डॉलर आणि एक्झिक्युटिव्ह या वरच्या पायरीच्या सदस्यत्वाचे 120 वरून 130 डॉलर केले. सॅम्स क्लबने 2022 साली ते अनुक्रमे 50 आणि 110 डॉलरवर नेले, तर प्रामुख्याने पूर्व किनाऱ्यावर असलेल्या बीजेज या तिसऱ्या दुकानाने 2025 च्या आरंभी 60 आणि 120 डॉलरवर. यापुढचा सर्व विचार मी कॉस्टकोच्या 65 डॉलरना धरून केला आहे. इतर दुकानांसाठी आकडा बदलावा, पद्धत तीच राहते.

पासष्ट डॉलर म्हणजे महिन्याला सुमारे साडेपाच डॉलर. एवढी बचत तर कोणाचीही होईल, असे वाटते आणि तेथेच गफलत होते, कारण बचत कशाच्या तुलनेत मोजायची हे ठरलेले नसते. कोपऱ्यावरच्या महागड्या दुकानाशी तुलना केली, तर कार्ड पहिल्याच फेरीत वसूल झालेले दिसते. परंतु आपण एरवी आल्डी किंवा वॉलमार्ट अशा स्वस्त दुकानांतून सामान आणत असलो, तर तुलना त्यांच्याशीच व्हायला हवी. म्हणून गेल्या दोन महिन्यांच्या पावत्या काढाव्यात आणि त्यांतून दर महिन्याला घरात संपणाऱ्या दहा वस्तू निवडाव्यात. येथे ‘संपणाऱ्या’ हा शब्द महत्त्वाचा आहे, ‘आणलेल्या’ नव्हे. प्रत्येकीपुढे महिन्याचा खप आणि सध्याच्या दुकानातला दर लिहावा. मग एखाद्या सदस्य मित्राबरोबर कॉस्टकोत एक चक्कर मारावी (सदस्याला दोन पाहुणे बरोबर नेता येतात, फक्त पैसे सदस्यानेच द्यायचे असतात) आणि त्याच दहा वस्तूंचे दर टिपून आणावेत.

दर टिपताना पाकिटाची किंमत पाहू नये, एककाचा दर पाहावा. तो शेल्फवरच्या पट्टीवर बारीक अक्षरांत छापलेला असतो, परंतु एका दुकानात तो औंसाला असतो, दुसऱ्यात पौंडाला, आणि कागदी रुमालांच्या बाबतीत तर कधी शंभर नगांना. 16 औंस म्हणजे एक पौंड, म्हणजे सुमारे 454 ग्रॅम, आणि एक गॅलन म्हणजे 128 द्रव औंस, म्हणजे सुमारे 3.8 लिटर, एवढे पाठ असले की पुरते. सुपरमार्केटमधला ‘सेल’चा दरही विचारात घ्यावा, कारण साबण, डिटर्जंट, कॉफी अशा टिकाऊ वस्तू काही लोक केवळ सेल असतानाच घेतात, आणि त्यांच्यासाठी घाऊक दुकानाचा दर पुष्कळदा बरोबरीचाच ठरतो.

मराठी स्वयंपाकघरापुरते सांगायचे, तर सर्वांत ठळक फायदा लोण्यात आहे. येथे बिनमिठाच्या लोण्याच्या एकेक पौंडाच्या चार पुड्यांचा गठ्ठा मिळतो. अमेरिकेच्या नियमानुसार लोण्यात किमान 80 टक्के स्निग्धांश असावा लागतो. म्हणजे एका पौंडातून बेरी गाळून साधारण साडेतीनशे ग्रॅम तूप निघते आणि चार पौंडांतून सुमारे 1.4 किलो. त्याची तुलना भारतीय दुकानातल्या तयार तुपाच्या बरणीशी करून पाहावी. ज्या घरात रोज वरणभातावर तूप पडते, त्या घराच्या शुल्काचा मोठा वाटा या एका वस्तूतून निघू शकतो. त्यानंतर सुक्यामेव्याचा क्रम लागतो. बदामाची तीन पौंडांची पिशवी आणि काजूचा अडीच पौंडांचा डबा यांचा पौंडामागचा दर लहान पाकिटांच्या तुलनेत बराच कमी पडतो, आणि दिवाळीच्या सुमारास तर ते पुरतही नाहीत. बासमतीचे वीस पौंडांचे पोते, तेल आणि भांडी घासायचा साबण हेही याच रांगेतले.

याउलट तूरडाळ, मूग, मटकी, पोहे, रवा, भाजणीचे सामान, कोकम, हिंग यांसाठी भारतीय दुकानाची वारी सुटत नाही, आणि कणकेच्या बाबतीत तर प्रत्येक घराचा ठरलेला छाप असतो. म्हणजे कार्ड काढले तरी फेरी वाचत नाही, उलट एक फेरी वाढते. हा मुद्दा हिशेबात क्वचितच धरला जातो. कॉस्टको घरापासून पंचवीस मैलांवर असेल, तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला अशी गत होते. त्या फेरीचे पेट्रोल आणि शनिवारची सकाळ, दोन्ही खर्चाच्या बाजूला मांडावीत.

आता कचऱ्याच्या डब्याविषयी. आमच्या घरी पहिल्या वर्षी पालकाची मोठी पेटी दर पंधरवड्याला येत असे आणि तिच्यातली निम्मी पाने काळी पडून बाहेर जात असत. दर पाहिला तर तो पालक जवळच्या दुकानापेक्षा तीस टक्क्यांनी स्वस्त होता; परंतु निम्मा टाकल्यामुळे खाल्लेल्या पालकाचा दर त्या दुकानाच्या जवळपास दीडपट पडला. याचे सूत्र सोपे आहे. येथील दर जितके टक्के कमी, त्याहून जास्त टक्के माल वाया गेला, की तो सौदा तोट्याचा. म्हणून दहा वस्तूंच्या यादीत प्रत्येकीपुढे ‘किती टाकले’ हा एक रकाना हवाच. सुकामेवा त्यातल्या तेलामुळे खवट होतो. तो डबाबंद करून फ्रीझरमध्ये ठेवला, तर महिनोन् महिने टिकतो, आणि लोणी व ब्रेडही तसेच गोठवता येतात. म्हणजे प्रश्न शेवटी फ्रीझरच्या आकाराशी येतो. तळघरात वेगळा फ्रीझर असलेल्या चौघांच्या कुटुंबाला जे परवडते, ते एका खोलीच्या अपार्टमेंटमधल्या दोघांना परवडेलच असे नाही.

वाया जाण्यापेक्षाही मोठी गळती यादीबाहेरच्या खरेदीची असते. या दुकानात रांगांवर पाट्या नसतात, दूध आणि अंडी अगदी मागच्या टोकाला असतात, आणि त्यांच्यापर्यंत पोहोचताना टीव्ही, गालिचे, कपडे आणि तंबू यांच्यामधून जावे लागते. 1.50 डॉलरचा हॉट डॉग 1980 च्या दशकापासून त्याच किमतीला ठेवण्यामागे केवळ दानत नाही, हे सुज्ञास सांगावे लागत नाही. यावर माझा उपाय असा की, पहिल्या तीन महिन्यांच्या पावत्यांवर यादीबाहेरच्या प्रत्येक वस्तूखाली रेघ मारावी आणि ती वस्तू एरवी घेतली असती का, एवढेच विचारावे. ज्यांचे उत्तर ‘नाही’ असे येईल, त्यांची बेरीज बचतीतून वजा करावी. बऱ्याच घरांत येथेच हिशेब उलटा फिरतो.

पेट्रोलची बाजू स्वतंत्रपणे मोजावी, कारण काही कुटुंबांसाठी तेवढ्यानेच कार्ड वसूल होते. समजा, गाडी वर्षाला 12,000 मैल चालते आणि गॅलनला 25 मैल देते. म्हणजे 480 गॅलन लागतील. आपल्या भागात कॉस्टकोच्या पंपावर गॅलनमागे 20 सेंट कमी पडत असतील, तर 96 डॉलर वाचतात. मात्र हा फरक गावागणिक बदलतो, तो स्वतः पाहून घ्यावा, आणि पंप रोजच्या वाटेवर असेल तरच पूर्ण धरावा. रांगेत वीस मिनिटे इंजिन चालू ठेवून उभे राहणाऱ्यांनी तो निम्माच धरलेला बरा.

यानंतर येतात वर्षाकाठी एखाद्या वेळी होणारे मोठे खर्च. कॉस्टकोत घेतलेल्या टायरांबरोबर ते असेपर्यंत फिरवून लावणे, बॅलन्सिंग आणि पंक्चर काढणे विनामूल्य मिळते. टीव्ही आणि संगणकावरील हमी उत्पादकाच्या मुदतीसह दोन वर्षांपर्यंत वाढते, आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू 90 दिवसांत परत करता येतात. खरेदीनंतर तीस दिवसांत त्याच वस्तूची किंमत उतरली, तर मागणी केल्यास फरकाची रक्कम मिळते. लोक हे विसरतात. भारतातून आई-वडील येतात, तेव्हा सहलीसाठी भाड्याची गाडी लागते. कॉस्टको ट्रॅव्हलमधून घेतल्यास बहुतेक कंपन्या दुसऱ्या चालकाचे शुल्क लावत नाहीत. आई-वडिलांच्या त्या चार-सहा महिन्यांत घरातला खपही वाढतो, त्यामुळे कार्ड काढायचेच असेल, तर ते येण्याच्या आधीच्या आठवड्यात काढावे, म्हणजे मुदतीचा पुरेपूर उपयोग होतो.

एक्झिक्युटिव्ह सदस्यत्वाचा निर्णय मात्र निव्वळ अंकगणिताचा आहे. वरचे 65 डॉलर भरल्यावर खरेदीच्या 2 टक्के रक्कम वर्षाच्या शेवटी परत मिळते, कमाल 1,250 डॉलरपर्यंत. 65 भागिले 0.02 म्हणजे 3,250 डॉलर; वर्षाला एवढी, म्हणजे महिन्याला सुमारे 271 डॉलरची खरेदी झाली, की वरचे पैसे निघतात. संपूर्ण 130 डॉलर त्यातून निघायचे, तर खरेदी 6,500 डॉलरची व्हावी लागते. पेट्रोल आणि फूड कोर्टवरील खर्च यात धरला जात नाही, हे आकडेमोड करताना बहुतेकांच्या ध्यानात राहत नाही. आधी साधे सदस्यत्व घ्यावे, सहा महिन्यांची बेरीज पाहावी आणि मगच वरच्या पायरीवर जावे. काउंटरवरची मंडळी पहिल्याच दिवशी आग्रह करतात, तो गोड बोलून टाळावा.

कार्डाविना मिळणाऱ्या गोष्टीही पुष्कळ आहेत. औषधांच्या विभागातून डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधे सदस्य नसलेल्यालाही घेता येतात आणि डोळे तपासून घेता येतात. संकेतस्थळावरून अनेक वस्तू 5 टक्के अधिभार भरून मागवता येतात. वर्षातून एखाद-दोन मोठ्याच वस्तू घ्यायच्या असतील, तर 65 डॉलरपेक्षा हा अधिभार स्वस्त पडू शकतो. उदाहरणार्थ, 400 डॉलरच्या वस्तूवर तो केवळ 20 डॉलर होतो.

कार्ड काढायचे ठरले, तर त्याच पत्त्यावर राहणाऱ्या आणखी एका व्यक्तीसाठी दुसरे कार्ड विनामूल्य मिळते, ते पहिल्या दिवशीच करून घ्यावे. अमेरिकेतल्या कॉस्टकोच्या दुकानात क्रेडिट कार्ड केवळ व्हिसाचे चालते, त्यामुळे मास्टरकार्ड घेऊन गेलेल्याला भरलेली ढकलगाडी सोडून यावी लागू शकते. समाधान झाले नाही, तर कॉस्टको सदस्यत्वाचे पूर्ण शुल्क परत करते. म्हणून अकराव्या महिन्यात वही उघडून बचत, नासाडी आणि यादीबाहेरची खरेदी यांची बेरीज-वजाबाकी करावी, आणि आकडा शुल्काच्या खाली आला, तर संकोच न करता काउंटरवर जावे. आपोआप नूतनीकरणाची सोय सुरू असेल, तर ती त्याआधी बंद करावी. नूतनीकरणाच्या वेळी भारतवारी येत असेल, तर आणखी एक बारकावा उपयोगी पडतो. मुदत संपल्यावर दोन महिन्यांच्या आत पैसे भरले, तर नवे वर्ष जुन्या तारखेपासूनच मोजले जाते. दोन महिने उलटू दिले, तर ते पैसे भरल्या दिवसापासून सुरू होते.