१०९९ वर दुसऱ्या राज्यातून कमाई होते? स्टेट टॅक्सच्या या चुका टाळा

दर वर्षी मार्च उजाडला की आमच्याकडे न्यू जर्सीत फोन सुरू होतात. कुणी एडिसनची मेंदीवाली, कुणी कथक शिकवणारी ताई, कुणी लग्नाचे फोटो काढणारा, कुणी घरी बसून डिझाइन नाहीतर डेटाचं काम करणारी, आणि प्रश्न सगळ्यांचा एकच. "अगं, पैसे दुसऱ्या स्टेटमधून आले, आता टॅक्स कुठे भरू?" मी सीपीए (परवानाधारक अकाउंटंट) नाही, पण बरीच वर्षं स्वतः १०९९ वर काम करतेय, म्हणजे नोकरी नाही, स्वतंत्र काम, ज्याच्या पैशांचा क्लायंट १०९९ नावाचा फॉर्म देतो, आणि यातल्या दोन चुका माझ्याच हातून झाल्यात. आमच्यापैकी बहुतेकांनी आधी नोकरी केलेली असते, म्हणजे डब्ल्यू-२ ची (पगाराच्या फॉर्मची) सवय असते, आणि आपण ते नोकरीचे नियम जसेच्या तसे स्वतःच्या धंद्याला लावतो. इतक्या वर्षांत ऐकलेले घोळ आठवले तर जवळजवळ सगळ्यांचं मूळ तिथंच आहे.

आधी एक बेसिक गोष्ट. तुम्ही ज्या राज्यात राहता ते राज्य तुमच्या सगळ्या उत्पन्नावर हक्क सांगतं, मग ते कुठूनही आलेलं असो. दुसरं राज्य फक्त त्याच्या हद्दीत उगम असलेल्या उत्पन्नावर हक्क सांगतं. त्याच पैशावर दोघांनी हात टाकला तर घरचं राज्य सहसा क्रेडिट देतं, म्हणजे तिकडे भरलेला टॅक्स आपल्या टॅक्समधून वजा करतं. ऐकायला सोपं आहे, घोळ होतो तो 'उगम' या शब्दावर, कारण प्रत्येक राज्य तो आपापल्या पद्धतीनं ठरवतं.

"पेनसिल्वेनियाचं आणि आपलं अ‍ॅग्रीमेंट आहे ना?"

आहे, पण ते पगारासाठी आहे. न्यू जर्सीत राहून पेनसिल्वेनियात नोकरी करणाऱ्याचा पगार पेनसिल्वेनिया सोडून देतं आणि तो टॅक्स फक्त न्यू जर्सीत भरतो, हे सगळ्यांना पाठ असतं. स्वतःच्या धंद्याच्या कमाईला हे अ‍ॅग्रीमेंट लागूच होत नाही. म्हणजे एडिसनच्या फोटोग्राफरनं बक्स काउंटीत जाऊन लग्न कव्हर केलं तर त्या कामाच्या नफ्यावर पेनसिल्वेनियाचा ३.०७ टक्के टॅक्स आहे आणि तिथलं नॉन-रेसिडेंट (त्या राज्यात न राहणाऱ्यांचं) रिटर्न भरायचं आहे. तिथं रिटर्न भरायची मर्यादा माहितीय किती आहे? ३३ डॉलर. त्याच्या वर करपात्र उत्पन्न गेलं की रिटर्न. त्यामुळे "एकच तर इव्हेंट केला" हे तिथं चालत नाही.

काम फिलाडेल्फिया शहरात झालं असेल तर शहराचा वेगळा टॅक्स आहे. नोकरदाराला वेज टॅक्स माहीत असतो, तो पगारातून कापला जातो. स्वतःचा धंदा असेल तर त्याच्या जागी नेट प्रॉफिट्स टॅक्स येतो, बाहेरच्यांना साधारण साडेतीन टक्क्यांच्या आसपास, आणि तो कुणी कापून घेत नाही, आपला आपण भरायचा. शिवाय धंद्यावरचा बिर्ट नावाचा आणखी एक टॅक्स आहे. त्यात आधी पहिल्या १ लाख डॉलरच्या उलाढालीवर सूट होती म्हणून छोट्या लोकांना काही भरावं लागत नव्हतं, ती सूट २०२५ च्या टॅक्स वर्षापासून काढून टाकली. आपल्या ओळखीतल्या कितीतरी छोट्या कलाकारांना हे अजून कळलेलंच नाही, म्हणून मुद्दाम लिहितेय.

घरी बसून केलं म्हणजे घरच्याच राज्याचं, असं नाही

ही चूक मला सगळ्यात महागात पडली, म्हणून इथं जरा थांबते. मी न्यू जर्सीतल्या माझ्या घरात बसून एका लांबच्या क्लायंटचं काम केलं, त्या राज्यात पाऊलसुद्धा टाकलं नाही, सगळं उत्पन्न न्यू जर्सीत दाखवून मोकळी झाले. तीन वर्षांनी त्या राज्याचं पत्र आलं की तुमच्या नावानं आमच्या इथून १०९९ गेलेला दिसतोय, रिटर्न कुठाय? टॅक्स होताच, वर दंड आणि व्याज. ते पाकीट उघडल्यावर दोन रात्री झोप नव्हती मला.

कारण असं की काही राज्यं 'काम कुठे केलं' हे बघतात आणि काही 'कामाचा फायदा क्लायंटला कुठे मिळाला' हे बघतात. दुसऱ्या गटातलं सगळ्यात मोठं नाव कॅलिफोर्निया. २०१९ मध्ये तिथल्या ऑफिस ऑफ टॅक्स अपील्ससमोर एक केस आली होती, अ‍ॅरिझोनात राहणारा एक पटकथालेखक घरी बसून लिहायचा आणि कॅलिफोर्नियातल्या कंपन्या त्याला पैसे द्यायच्या. त्याचं म्हणणं की मी लिहिलं अ‍ॅरिझोनात. निकाल त्याच्या विरोधात गेला, फायदा कॅलिफोर्नियात मिळाला म्हणून उत्पन्न कॅलिफोर्नियाचं. म्हणजे बे एरियातल्या स्टार्टअपचं काम करणाऱ्या, पण ऑस्टिनला नाहीतर शार्लटला राहणाऱ्या प्रत्येक फ्रीलान्सरनं ही केस लक्षात ठेवायला हवी.

आता यात करता येण्यासारखी एक गोष्ट आहे. क्लायंट कंपनी असेल तर बिल कुठल्या पत्त्यावर पाठवलं हे कॅलिफोर्नियाच्या नियमात अगदी शेवटी येतं, आधी कॉन्ट्रॅक्ट आणि हिशेबाच्या वह्या काय सांगतात ते बघतात. क्लायंटचं हेडऑफिस सॅन फ्रान्सिस्कोत आहे पण तुम्ही केलेलं काम त्यांच्या टेक्सासच्या वेअरहाउससाठी आहे, तर तो फायदा टेक्सासला मिळालाय. पण हे कॉन्ट्रॅक्टमध्ये नाहीतर निदान इनव्हॉइसवर लिहिलेलं पाहिजे, चार वर्षांनी तोंडी सांगून काही उपयोग नाही. मी आता प्रत्येक इनव्हॉइसवर एक ओळ टाकते, काम कुठे केलं आणि कुठल्या ऑफिससाठी केलं. एवढंच.

टेक्सास, फ्लोरिडा, वॉशिंग्टन, नेवाडा, टेनेसी असल्या राज्यांत राहणाऱ्यांना वाटतं आपल्याला काही बघायचंच नाही, आपल्याकडे स्टेट इन्कम टॅक्सच नाही. खरं तर त्यांनी जास्त जपायला पाहिजे. घरच्या राज्यात टॅक्सच नसल्यामुळे क्रेडिट मिळायला जागा नाही, म्हणजे कॅलिफोर्नियाला जे जाईल ते सगळं वरचं जाईल. डॅलसच्या माझ्या मैत्रिणीला हे पटायला अख्खा एक वीकेंड लागला.

न्यूयॉर्कची गंमत उलटी आहे

इथं लोक गरज नसताना पैसे भरतात. न्यूयॉर्कच्या कंपनीत नोकरी असेल आणि तुम्ही न्यू जर्सीतून घरी बसून काम करत असाल तरी न्यूयॉर्क त्या पगारावर टॅक्स लावतं, कारण तुम्ही स्वतःच्या सोयीनं घरी बसलाय असं त्यांचं म्हणणं. हा नियम एम्प्लॉयीचा आहे. तुम्ही १०९९ वर आहात, न्यूयॉर्कमध्ये तुमचं ऑफिस नाही आणि सगळं काम न्यू जर्सीत, पार्सिपनीच्या घरातून होतं, तर फक्त क्लायंट मॅनहॅटनला आहे म्हणून ते उत्पन्न न्यूयॉर्कचं होत नाही. पण आठवड्यातून दोन दिवस ट्रेननं जाऊन तिथं बसून काम करत असाल तर तेवढा हिस्सा न्यूयॉर्कचा, आणि त्यासाठी दिवसांची नोंद पाहिजे. फोनच्या कॅलेंडरमध्ये 'न्यूयॉर्क' आणि 'घर' असं टाकत गेलं तरी पुरतं, फक्त रोजच्या रोज टाका, एप्रिलमध्ये आठवून भरलेली नोंद कुणी मानत नाही.

सगळंच न्यूयॉर्कला भरून टाकू आणि न्यू जर्सीत क्रेडिट घेऊ, असं काहीजण करतात. ते अंगाशी येऊ शकतं, कारण जो टॅक्स मुळात लागूच नव्हता त्याचं क्रेडिट घरचं राज्य नाकारू शकतं, मग न्यूयॉर्कचं रिटर्न दुरुस्त करून रिफंड मागत बसा.

शहराचंही बघा. न्यूयॉर्क शहराचा बाहेरून येणाऱ्यांवरचा कम्यूटर टॅक्स १९९९ मध्येच गेला, त्यामुळे न्यू जर्सीवाल्याला शहराचा इन्कम टॅक्स नाही. पण शहरात धंदा करत असाल तर ४ टक्क्यांचा अनइनकॉर्पोरेटेड बिझनेस टॅक्स (कॉर्पोरेशन न काढता केलेल्या धंद्यावरचा) आहे. उलाढाल ९५ हजार डॉलरच्या वर गेली की त्याचं रिटर्न भरावं लागतं, टॅक्स ३,४०० डॉलर किंवा कमी निघाला तर क्रेडिटनं तो पूर्ण माफ होतो, पण रिटर्न चुकत नाही.

क्रेडिट घेताना होणारे घोळ

पहिला घोळ क्रमाचा. सॉफ्टवेअरमध्ये लोक आधी घरच्या राज्याचं रिटर्न करतात आणि मग दुसऱ्याचं, त्यामुळे क्रेडिट शून्य येतं नाहीतर चुकीचं येतं. आधी नॉन-रेसिडेंट रिटर्न पूर्ण करा, तिथला टॅक्स पक्का होऊ द्या, मग घरचं. क्रेडिट शून्य दिसतंय आणि कारण कळत नाहीये असं असेल तर नव्वद टक्के वेळा मी आधी हेच विचारते.

दुसरा घोळ आकड्याचा. समजा कॅलिफोर्नियात जाऊन तुम्ही वर्कशॉप घेतलं. बाहेरच्या कॉन्ट्रॅक्टरला तिथं केलेल्या कामाचे वर्षात १,५०० डॉलरच्या वर पैसे दिले तर देणाऱ्यानं ७ टक्के कापून राज्याला भरायचे असतात. हे कापलेले पैसे म्हणजे टॅक्स नव्हे, ती आगाऊ रक्कम आहे. क्रेडिटसाठी आकडा घ्यायचा तो तिथल्या रिटर्नवर शेवटी निघालेल्या टॅक्सचा, कापलेल्या रकमेचा नाही. आणि कापले आहेत म्हणून तिथलं रिटर्न भरलंच नाही, तर जास्तीचे कापलेले तिथंच राहतात.

तिसरं म्हणजे मर्यादा. समजा तुमचं एकूण उत्पन्न १ लाख २० हजार, त्यावर न्यू जर्सीचा टॅक्स ४,८०० निघतो आणि उत्पन्नातले ६ हजार पेनसिल्वेनियातले आहेत. ६ हजार म्हणजे एकूणाचा विसावा भाग, तेव्हा क्रेडिट जास्तीत जास्त ४,८०० चा विसावा भाग, २४० डॉलर. पेनसिल्वेनियाला ३.०७ टक्क्यानं १८४ डॉलर गेले, तर १८४ चं पूर्ण क्रेडिट मिळेल. तेच दुसऱ्या एखाद्या राज्याला ३३० गेले असतील तर क्रेडिट २४० च, वरचे ९० तुमच्या खिशातून. दोन्हीतला छोटा आकडा मिळतो, हे आधी माहीत असेल तर बाहेरच्या कामाचा रेट सांगताना ते धरता येतं.

आणि एक अपवाद, अ‍ॅरिझोना, ओरेगन आणि व्हर्जिनियात राहणाऱ्यांना कॅलिफोर्नियाच्या कमाईचं क्रेडिट घरच्या रिटर्नवर मिळत नाही, ते कॅलिफोर्नियाच्या नॉन-रेसिडेंट रिटर्नवर मागायचं असतं. इथं बरेच जण चुकीच्या दारात उभे राहतात.

मेरीलँडवाल्यांनी २०१५ चा विन (Wynne) केसचा निकाल लक्षात ठेवा. सुप्रीम कोर्टानं ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की बाहेर भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट राज्यानं काउंटीच्या टॅक्समध्येही द्यायला हवं.

एलएलसीनं हे सुटत नाही

व्हिडिओ बघून लोक वायोमिंग नाहीतर डेलावेअरला एलएलसी काढतात. एकट्याची एलएलसी टॅक्सच्या दृष्टीनं सहसा वेगळी धरतच नाहीत, उत्पन्न तुमच्याच रिटर्नवर येतं आणि तुम्ही राहता ते राज्य त्यावर टॅक्स लावतं. कॅलिफोर्नियात राहून ती चालवत असाल तर तिथं वर्षाला कमीत कमी ८०० डॉलर वेगळे, वर वायोमिंगची फी. कायदेशीर संरक्षणासाठी काढायची तर जरूर काढा, पण टॅक्स वाचेल म्हणून नको.

एस्टिमेटेड टॅक्स

म्हणजे धंद्याचा टॅक्स वर्षभरात हप्त्यांनी आपला आपण आगाऊ भरायचा. पगारातून आपोआप कापलं जातं याची सवय इथं सगळ्यात जास्त नडते. १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर आणि १५ जानेवारी या तारखा फेडरलच्या आहेत तशा बहुतेक राज्यांच्याही आहेत, पण फेडरलला भरले म्हणजे राज्याला गेले असं होत नाही. फेडरलचा १५.३ टक्के सेल्फ एम्प्लॉयमेंट टॅक्ससुद्धा सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा, राज्याशी त्याचा संबंध नाही. न्यू जर्सीत ४०० डॉलरपेक्षा जास्त देणं निघणार असेल तर हप्ते भरावे लागतात, न्यूयॉर्कमध्ये ३०० पासूनच. कॅलिफोर्नियाचे हप्ते समान नाहीत, ३०, ४०, शून्य आणि ३० टक्के असे आहेत, त्यामुळे चार सारखे भाग करून भरणाऱ्याला दंड लागतो आणि का लागला ते कळत नाही. घरात एकाची नोकरी असेल आणि रिटर्न एकत्र भरत असाल तर नोकरीवाल्याच्या पगारातून घरच्या राज्याचा टॅक्स जास्त कापायला सांगता येतो, आम्ही तेच करतो, तारखांची धास्ती राहत नाही.

वर्षाच्या मध्ये घर बदललं तर दोन्हीकडे पार्ट-इयर (तिथं राहिलात तेवढ्याच काळाचं) रिटर्न येतं. आणि जुन्या राज्यात केलेल्या कामाचे पैसे नव्या राज्यात गेल्यावर आले, तरी त्यांचा उगम जुन्याच राज्यात राहू शकतो, पैसे आल्याची तारीख बघून निश्चिंत होऊ नका.

व्हिसाचं एकच सांगते, एच-४ ईएडीवर (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या वर्क परमिटवर) स्वतःचा धंदा करता येतो, एच-१बी वर बाजूचं १०९९ काम करता येत नाही, ते टॅक्सपेक्षा मोठं प्रकरण आहे, वकिलाला विचारल्याशिवाय हात लावू नका.

आधीच चुकलंय, आता काय?

रिटर्न न भरलेलं वर्ष जुनं झाल्यानं संपत नाही. रिटर्न भरल्यावर राज्याकडे तपासणीला ठराविक वर्षं असतात, पण भरलंच नाही तर ते घड्याळ सुरूच होत नाही. उलट घरच्या राज्याकडून क्रेडिटचा रिफंड मागायची मुदत बऱ्याच ठिकाणी तीनच वर्षं, म्हणजे दुसऱ्या राज्याचं पत्र उशिरा आलं तर एकाच पैशावर दोनदा टॅक्स जाण्याची भीती खरी आहे. म्हणून लक्षात आल्या आल्या नॉन-रेसिडेंट रिटर्न भरा आणि त्याच आठवड्यात घरचं दुरुस्त करा, तिथल्या रिटर्नची कॉपी जपून ठेवा, क्रेडिटसाठी ती मागतात.

बऱ्याच वर्षांचं राहिलं असेल तर बहुतेक राज्यांत व्हॉलंटरी डिस्क्लोजर असतं, आपण होऊन गेलं तर ते मागची मोजकीच वर्षं बघतात आणि दंड सहसा माफ होतो, व्याज मात्र द्यावं लागतं. अनेक राज्यांचं एकदम करायचं असेल तर मल्टिस्टेट टॅक्स कमिशनकडे एकाच अर्जाची सोय आहे. अट एकच, त्यांचं पत्र यायच्या आधी जायला हवं.

आणि पत्र आलंच असेल तर त्यावरची उत्तराची तारीख आधी कॅलेंडरवर लिहा, घाबरून पाकीट ड्रॉवरमध्ये टाकू नका. त्यांनी अंदाजानं लावलेला आकडा बऱ्याचदा एकूण आलेल्या पैशांवर असतो, तुमचा खर्च वजा न करता. माझ्या बाबतीत खर्चाच्या पावत्या जोडून रिटर्न भरल्यावर मागितलेली रक्कम निम्म्याहून खाली आली.