पोर्टलचा मेनू आधी चिठ्ठ्यांवर मांडा

कॉलेज ग्रंथालयाचं वेब पोर्टल करायचं ठरलं की मेनूत ‘आमच्याविषयी’, ‘ध्येय’, ‘समिती’ पुढे येतात आणि विद्यार्थ्याला हवी असलेली जुनी प्रश्नपत्रिका कुठेतरी तळाशी दडते. डेव्हलपरला बोलावण्याआधी एवढं करा:

१. दोनेक आठवडे काउंटरवर वही ठेवा. आलेला प्रत्येक प्रश्न विचारणाऱ्याच्याच शब्दांत लिहा. ‘ओपॅक (ग्रंथालयाची ऑनलाइन पुस्तकसूची) कुठे आहे?’ असं सहसा कोणी विचारत नाही; ‘अमुक पुस्तक आहे का, कुठे बघू?’ असं विचारतात.

२. एका चिठ्ठीवर एक प्रश्न उतरवा. वेगवेगळ्या वर्गांतल्या पाच-सहा मुलामुलींना चिठ्ठ्यांचे गठ्ठे करायला सांगा. गठ्ठ्यांना नावंही त्यांनाच देऊ द्या. आपण मध्ये बोलायचं नाही (ग्रंथपालांना हेच जड जातं!).

३. तीच नावं मेनूत घ्या. सर्वांत जाड गठ्ठा पहिला. समिती वगैरे तळाला गेली तरी कुणाचं काही अडत नाही.

शोधगंगा (पीएच.डी. प्रबंधांचं ऑनलाइन भांडार) सर्वांना खुलं आहे, एन-लिस्टला (कॉलेजांसाठीची ई-पुस्तकं आणि ई-नियतकालिकांची सेवा) लॉगिन लागतं. हे दुव्याशेजारीच लिहा, बरेच फोन वाचतात. मात्र सोयीसाठी म्हणूनही एन-लिस्टचा पासवर्ड पानावर टाकू नका.