पावसाआधी खाणीच्या पाण्याची तयारी

चंद्रपूर-वणीकडच्या ओपनकास्ट (उघड्या) खाणींत मृग जवळ आला की पंपांची जमवाजमव सुरू होते. मी म्हणेन, पंपाकडे शेवटी या. आधी मे महिन्यातच सर्व्हेवाल्याला सोबत घेऊन खाणीच्या काठाने पायी फेरी मारा. गारलँड ड्रेन, म्हणजे खाणीभोवतीचा पाणी वळवणारा चर, कुठे गाळाने भरलाय, डंपावरून (काढलेल्या मातीच्या ढिगावरून) आलेल्या मातीने कुठे बुजलाय, डंपरच्या रस्त्याखालचे पाइप तुंबलेत का, हे स्वतः पाहा. एक हेक्टरवर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे हजार घनमीटर पाणी. ते सगळं खड्ड्यात उतरलं आणि ६० मीटर वर चढवायचं झालं, तर पंप-मोटरची मिळून कार्यक्षमता ५० टक्के धरून सुमारे ३२७ युनिट जळतात. चर वाहता असेल तर हे पाणी खाली येतच नाही.

जे येणारच, त्यासाठी मधल्या बेंचवर (खाणीच्या पायरीवर) छोटा सम्प, म्हणजे पाणी साठवायचा खड्डा, खणून ठेवा. २५ मीटरवर अडवता येणारं पाणी तळाला सोडून पुन्हा ६० मीटर उचलणं मला बघवत नाही. तळाच्या सम्पातला गाळही काढा. साठवण वाढली की उघडिपीच्या दिवसांत टीओडीच्या (वेळेनुसार बदलणाऱ्या वीजदराच्या) स्वस्त तासांत उपसा करता येतो. पाऊस लागल्यावर मात्र बिलाकडे बघायचं नाही, पातळी खाली ठेवायची. स्टँडबाय पंप आणि जनरेटर आत्ताच लोडवर चालवून बघा.

मग पाइप. प्रवाह तोच ठेवून सहा इंचीऐवजी आठ इंची लाइन टाकली तर घर्षणाचा तोटा साधारण चौथ्या हिश्शावर येतो. नको असलेले एल्बो (पाइपाची वळणं) काढा, फूट व्हॉल्व्हची (पाण्यात बुडालेल्या टोकाच्या झडपेची) जाळी धुवा.

आता पंप. एका खाणीत डिलिव्हरी व्हॉल्व्ह (पंपातून बाहेर जाणाऱ्या लाइनवरची झडप) कायम अर्धा बंद ठेवलेला पाहिला. खड्डा ४० मीटरचा, पंप मात्र पुढचा विचार करून ९० मीटर हेडचा, म्हणजे तेवढ्या उंचीवर पाणी चढवणारा, घेतलेला. व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की अँपिअर चढायचे. असा पंप असेल तर इम्पेलर (आतलं फिरणारं चाक) कापून लहान करून घ्या, मल्टिस्टेज (एकामागे एक इम्पेलर असलेला) असेल तर स्टेज कमी करा. व्हीएफडीची (मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या यंत्राची) घाई नको: खाणीत बहुतेक हेड निव्वळ उंचीचं असतं, तिथे वेग फार उतरवता येत नाही.

प्रत्येक पंपाला वेगळा मीटर आणि प्रेशर गेज बसवा. नोंदवहीत तासांशेजारी युनिट आणि दाबाचा रकाना आखा. तो भरण्याआधी पंप चालवणाऱ्या खलाशाला विचारा, कुठला पंप हल्ली जास्त वेळ चालवावा लागतो. त्याला माहीत असतं.