किसाचं चोख सोनं करायचं तर चौथाई जमली पाहिजे

‘दागिने घडवताना पडणारा सोन्याचा कीस गोळा करा, आम्लराजात टाका, सोनं तयार’ असं सांगणारे आता गल्लोगल्ली भेटतात. लहान कारखान्याने त्यांचं ऐकू नये. आम्लराजात, म्हणजे नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या मिश्रणात, सोनंच विरघळतं. मग ते परत खाली बसवा, गाळा, आणि भांड्याला तडा गेला तर फरशी पुसून फडकी जाळत बसा. किसात चांदीचं प्रमाण जास्त असेल तर क्लोराइडचा पांढरा थर चढतो आणि आतलं सोनं अडकून राहतं. पुण्याच्या रविवार पेठेतल्या चार पाटांच्या कारखान्याला यापेक्षा सोपी वाट आहे: सोन्याला हात लावायचा नाही, बाकीचे धातू नायट्रिक ॲसिडने काढून टाकायचे. त्याआधी चौथाई करायची, म्हणजे चांदी मिसळून सोन्याचा वाटा चौथ्या हिश्शावर आणायचा.

22 कॅरेटचा कीस वेगळा, 18 चा वेगळा, हे सांगायला नको. पण पांढरं सोनं आणि प्लॅटिनमचं काम होत असेल तर त्याचा कीस या कामात अजिबात येऊ देऊ नका. जुन्या केडीएम डागाचे, म्हणजे कॅडमियम घातलेल्या सांध्याचे, तुकडेही बाजूला ठेवा; कॅडमियमचा धूर विषारी असतो. आणि कारखान्यात सायनाइडने उजळण्याचं काम चालत असेल, तर त्या पाण्यातला गाळ ॲसिडजवळ कधीच आणू नका. दोन्ही एकत्र आले की जो वायू सुटतो, तो माणूस मारतो.

झाडूची माती, बफिंगची धूळ, हात धुण्याच्या पिंपाचा गाळ, यात सोनं असतंच, नाहीतर मातीतून सोनं वेचणाऱ्या झारेकऱ्यांनी पेढ्यांसमोरची माती धुतली नसती. तरी तो माल जाळून, राख करून गलाईवाल्याकडे, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करणाऱ्याकडे, द्या. विट्या-खानापूरकडच्या मंडळींचा यात पिढ्यान्‌पिढ्यांचा हात आहे. फक्त वजन आणि टंच, म्हणजे शुद्धतेची तपासणी, तुमच्यासमोर झाला पाहिजे. पारा घालून घरीच सोनं ओढून घ्यायचा सल्ला कोणी दिला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

हाती उरतो स्वच्छ कीस आणि कातरण. चुंबक कागदात गुंडाळून किसावरून फिरवा, म्हणजे करवतीच्या पात्यांचे तुकडे निघतील. लोखंडी तव्यावर लाल होईपर्यंत भाजा, मेण आणि कागद जळून जाऊ द्या, पंखा बंद. मुशीत टाकणखार (बोरॅक्स) घालून वितळवा, लगडी पाडा, टंच काढून आणा.

आता चौथाई. मलाही सगळ्यात जड गेलेला टप्पा हाच, आणि सोनं जातं तेही इथेच. 22 कॅरेटची लगडी थेट नायट्रिकमध्ये टाकली तर काहीच होत नाही. सोनं इतकं जास्त असतं की ॲसिडला आत शिरायला वाट मिळत नाही. 18 कॅरेटचंही तेच: वरून काळवंडतं आणि काम थांबतं. म्हणून चांदी घालून सोन्याचा वाटा एकूण वजनाच्या चौथ्या हिश्शावर आणायचा.

हिशेब लगडीच्या वजनावर करू नका, तिच्यातल्या चोख सोन्यावर करा. 20 ग्रॅमची लगडी, टंच 91.6 टक्के, म्हणजे चोख सोनं 18.3 ग्रॅम. त्याच्या चौपट 73.3. त्यातून लगडीचे 20 वजा केले की 53.3 ग्रॅम चांदी घालायची. ‘लगडीच्या तिप्पट चांदी’ म्हणणाऱ्यांच्या हिशेबाने 60 ग्रॅम पडते. 22 कॅरेटला हा फरक निभावून जातो, पण 18 कॅरेटच्या 10 ग्रॅमला 20 ग्रॅम पुरत असताना 30 घातली, तर सोनं पाचवा हिस्साही राहत नाही. मग दाण्यांचा बारीक भुगा होतो आणि धुताना पाण्याबरोबर निघून जातो.

चांदीऐवजी तांबं चालतं, पण मी घालत नाही. तेवढ्याच वजनाच्या तांब्याला ॲसिड तिपटीहून जास्त लागतं, धूरही त्याच मापाने. आणि चांदी परत मिळते, ती वाया जात नाही.

चांदी घातल्यावर रस ग्रॅफाइटच्या सळईने नीट ढवळा. मग खोल बादलीभर पाण्यात, उंचावरून, बारीक धारेने ओता; पाणी फिरतं ठेवा. पाणी उथळ नको. दाणे पातळ आणि पोकळ पडले पाहिजेत. जाड गोळ्या पडल्या तर पुन्हा वितळवा, आळस करू नका. गोळीच्या पोटातली चांदी ॲसिडला सापडत नाही.

ॲसिडसाठी डिस्टिल्ड पाणीच वापरा. नळाच्या पाण्यातल्या क्लोराइडने चांदीचा पांढरा गढूळपणा येतो आणि सगळं चिकट होतं. आधी पाणी, मग त्यात तेवढंच नायट्रिक. ॲसिड घेताना दुकानदार ओळखपत्र मागेल. 2013 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापासून तो नियमच आहे.

हे काम वाड्याच्या माडीवर किंवा मोरीत करू नका. तांबूस-तपकिरी धूर येतो. त्या वेळी नुसता खोकला येतो आणि माणूस घरी जातो. काही तासांनी फुप्फुसांत पाणी भरतं. तोंडाला ओला रुमाल बांधून काही उपयोग नाही. कॉस्टिकच्या पाण्यातून धूर ओढणारी हूड नसेल तर इथेच थांबा आणि दाणे गलाईवाल्याला द्या.

हूड असेल तर मंद आचेवर ठेवा. बुडबुडे थांबले की द्राव ओतून घ्या, दुसऱ्यांदा ताजं, थोडं जास्त कडक ॲसिड घालून उकळी आणा. दाणे आकाराने तसेच राहतात, रंग मात्र मातकट तपकिरी होतो, आणि काचेच्या सळईने दाबले की चुरतात. असं दिसलं की चौथाई बरोबर जमली. गरम डिस्टिल्ड पाण्याने धूत राहा. धुतलेल्या पाण्यात मिठाच्या पाण्याचा थेंब टाकल्यावर पांढरं आलं नाही की पुरे. वाळवा, टाकणखार घाला, ज्योत आधी हलकी ठेवा, नाहीतर भुकटी उडते. रस झाला की पिवळा रंग परत येतो. शुद्धता हॉलमार्क केंद्रात ‘फायर असे’ने, म्हणजे भट्टीत तापवून होणाऱ्या चाचणीने, तपासा. एक्स-रे मशीन फक्त वरचा थर वाचतं.

ओतून घेतलेल्या निळसर द्रावात तांबट आळीतून आणलेली स्वच्छ तांब्याची पट्टी सोडा. 1 ग्रॅम तांबं सुमारे 3.4 ग्रॅम चांदी खाली पाडतं. ती राखाडी भुकटी धुऊन वितळवा, पुढच्या चौथाईला तीच वापरा. उरलेल्या निळ्या पाण्यात लोखंडाचे तुकडे टाकून तांबंही उतरवा, मग सोडा घालून आंबटपणा मारा, गाळ वेगळा करून घातक कचरा उचलणाऱ्यांना द्या. गटारात ओतलं तर ते थेट मुठा नदीत जातं.