जून २०२१ मध्ये लग्नाची तारीख ठरवायची, तर आधी गुरुवारचे आकडे बघावे लागत

कोरोनाचे निर्बंध सैल करायला महाराष्ट्रात अनलॉकचे पाच स्तर ७ जून २०२१ पासून लागू झाले, पहिला सगळ्यात सैल आणि पाचवा सगळ्यात कडक; त्यामुळे तेव्हा नियम आठवड्यागणिक बदलू शकत. दर गुरुवारी पॉझिटिव्हिटी रेट (शंभर चाचण्यांत किती बाधित निघाले) आणि भरलेल्या ऑक्सिजन बेडचे आकडे जाहीर होत, त्यावरून ठरलेला स्तर सोमवारपासून लागू होई. म्हणजे हाताशी जेमतेम तीन दिवस. म्हणून हॉलवाला, केटरर, बसवाला, सगळ्यांकडून आधीच कबूल करून घ्यावं लागे, की पाहुण्यांचा शेवटचा आकडा शुक्रवारी सांगू, तेही लेखी. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घेतलं तरी चाले.

पाहुण्यांच्या याद्या दोन कराव्या लागत. तिसऱ्या स्तरात पन्नास माणसं चालत, चौथ्यात पंचवीसच. पंचवीसची यादी आधी करावी लागे. ती करताना घरात भांडणं होणारच, ती लवकर झालेली बरी. उरलेल्यांना फोनवर मोकळेपणाने सांगावं लागे, की नियम सैल झाले तर शनिवारी बोलावतो. कोणी रुसत नसे, कारण प्रत्येकाच्या घरी हेच चाललं होतं.

हॉल कोणाच्या हद्दीत आहे हेही बघावं लागे. स्तर ठरवताना पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका वेगळी एककं होती, ग्रामीण भाग तिसरा. नवरदेव एका स्तरातला आणि मांडव दुसऱ्या स्तरात, असं होऊ शके. वाटेत पाचव्या स्तरातल्या जिल्ह्यात थांबणार असाल तर खासगी गाडीलाही ई-पास, म्हणजे प्रवासाची ऑनलाइन परवानगी, काढावा लागे.

बुकिंगची रक्कम परत मागण्यापेक्षा तारीख बदलून मिळण्याची अट घालून घ्या. पैसे परत द्यायला हॉलवाले सहसा नाखूश असतात, तारीख मात्र देतात.